चाकाचा धर्म आणि सरकारची सक्ती

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर या गावी हिम पडत नाही, आणि पौष-माघात परभणीच्या कृषी विद्यापीठातील वेधशाळेचा पारा कितीही खाली उतरला तरी तेथील रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरत नाही. त्यामुळे वाहनधारकाने हिवाळ्यापुरते निराळ्या रबराचे टायर बसवलेच पाहिजेत असे फर्मान सरकारने काढावे की काय, हा प्रश्न त्या गावच्या चावडीवर निघण्याचा संभव नाही. परंतु ज्यांची मुलेबाळे नोकरीनिमित्त जर्मनीत किंवा कॅनडात राहतात त्या कुटुंबांना तो आता परका राहिलेला नाही. पारा साधारण सात अंशांच्या खाली गेला की नेहमीचे रबर ताठरते व त्याची पकड सुटू लागते, म्हणून कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने १ डिसेंबर ते १५ मार्च या मुदतीत अशा टायरांची सक्ती केली आहे. जर्मनीने मात्र २०१० साली आपला कायदा स्पष्ट करताना तारखेऐवजी रस्त्याची अवस्था सांगितली, आणि हिम वा बर्फ असेल तेव्हाच ही सक्ती लागू होईल असे ठरवले. पहिला कायदा मनुष्याच्या विवेकावर विसंबत नाही, दुसरा काहीसा विसंबतो.

आमच्या मुलखात या प्रश्नाचे रूप उष्ण आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरहून आणि दुचाकी-तिचाकीची ०.८ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. पण नियम दप्तरात राहिला आणि गुळगुळीत टायर रस्त्यावर धावत राहिले. पुढे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला, तापलेल्या काँक्रीटवरून न थांबता भरधाव जाणाऱ्या गाड्यांचे टायर फुटू लागले, आणि २०२३ साली परिवहन खात्याने झिजलेल्या टायरांची वाहने परत पाठवण्यास आरंभ केला. त्यावर जो आक्षेप ऐकू येतो तो दुहेरी असतो. टायर माझे, जीव माझा, त्यात सरकारचा काय संबंध, ही त्याची एक बाजू. आणि ज्याची घटका भरली तो नव्या टायरावरही वाचत नाही, ही दुसरी. गंमत अशी की, पहिले वाक्य स्वातंत्र्यवाद्याचे आणि दुसरे दैववाद्याचे असूनही दोन्ही बहुधा एकाच मुखातून, एकाच दमात बाहेर पडतात.

यांपैकी पहिल्याला शास्त्राधार हवा असेल तर तो इंग्रज तत्त्वज्ञ मिल्लच्या १८५९ सालच्या स्वातंत्र्यविषयक निबंधात सापडेल, पण तो हेल्मेटापुरता. हेल्मेट न घालणारा प्रथम स्वतःचे डोके पणाला लावतो, त्यामुळे त्याच्यावर सक्ती करावी की नाही याविषयी सुज्ञांत मतभेद संभवतो. टायरची गोष्ट तशी नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी जेथे थांबावयास हवी होती तेथून पुढच्या जमिनीवर कोणी दुसराच उभा असतो, आणि त्याने माझ्या काटकसरीला संमती दिलेली नसते.

सक्तीने घडवलेल्या सत्कृत्यात पुण्य कसले, अशी शंका धर्मनिष्ठ मनुष्य काढील, आणि ती अगदीच टाकाऊ नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा लोकमान्य टिळकांचे म्हणणे असे होते की, समाजसुधारणा शिक्षणाने आणि आतून व्हावी, परक्या सरकारच्या कायद्याने नव्हे. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. परसत्तेविषयीचा टिळकांचा संशय मला समजतो. परंतु ज्या अल्पवयीन मुलीच्या देहाविषयी तो वाद चालला होता, तिला लोकांची मने तयार होईतो थांबण्याची सवड नव्हती. कर्त्याच्या चित्तशुद्धीचा हिशेब दंडनीती ठेवीतच नाही. ती तिऱ्हाइताचा जीव राखते.

आणि हा तिऱ्हाईत आमच्या धर्मविचाराला अनोळखी आहे असेही नाही. यज्ञयाग हे इष्ट आणि विहिरी, तलाव, धर्मशाळा बांधणे हे पूर्त, असे दोन्ही मिळून इष्टापूर्त सांगितले आहे. वालुरात चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची जुनी बारव आहे. अशी बारव बांधताना कोणा अपरिचित वाटसरूची तहान जमेस धरावी लागते. याउलट खंडेनवमी-दसऱ्याला आम्ही गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडतो, आणि त्याच चाकाची खाच उरली आहे की नाही हे मात्र वाकून पाहत नाही. यात इष्ट यथासांग होते, पूर्ताचा विसर पडतो.

म्हणून माझा कौल सक्तीच्या बाजूने आहे. तथापि तो बिनशर्त नाही. कापसाची ट्रॉली बाजारात नेणारा शेतकरी टायर झिजलेला आहे हे जाणतो, पण पीक हाती येऊन पैसे पदरात पडल्याखेरीज नवी जोडी घेणे त्याला परवडत नाही. आणि ऐपत नसलेल्याचे ओझे ऐपत असलेल्याइतकेच मोजणारा कायदा धर्म्य म्हणता येणार नाही. सक्तीचा आरंभ भाडे घेऊन माणसे वाहणाऱ्यापासून आणि महामार्गावर हौसेने वेग घेणाऱ्यापासून व्हावा. खाजगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षे तिला योग्यतेच्या तपासणीसाठी सरकारदरबारी उभे राहावे लागत नाही. तेव्हा महामार्गाच्या नाक्यावर तिची चाके पाहिली गेली, तर त्यात जुलूम झाला असे मला वाटत नाही. शेतकऱ्याच्या ट्रॉलीला मुदत द्यावी, आणि ज्या खात्याने रस्त्यावर खड्डे राहू दिले त्याच्याकडूनही त्याच कलमाखाली जबाब घ्यावा.