धेंपो म्हणजे नेमकं कोण?

मडगावात धेंपो या गोव्याच्या फुटबॉल क्लबचा विषय निघाला की जुन्या प्रेक्षकांचे काळ एकमेकांत मिसळतात. रँटी मार्टिन्स चेंडू घेऊन निघाला की कोण अडवतो त्याला, असं माणूस वर्तमानकाळात बोलून जातो. रँटी क्लब सोडून गेल्याला वर्षं लोटली आहेत, हे त्याला ठाऊक असतं. तरी वाक्य 'होता'वर संपत नाही.

यात भाबडेपणा शोधण्याची घाई करू नये, कारण त्या आठवणींना आधार भक्कम आहे. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम देशाचं लीग जेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही. त्यातली चार धेंपोची, दोन चर्चिल ब्रदर्सची आणि एक साळगावकरचं. २००४-०५चं धरलं तर धेंपोची एकूण पाच. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक, मागे महेश गवळी आणि समीर नाईक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, पुढे बेटो आणि रँटी. २००८ मध्ये हा संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता.

पुढचं सगळं फार भराभर झालं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. पुढच्याच वर्षी धेंपो जुन्या राष्ट्रीय लीगमधून, म्हणजे आय-लीगमधून, खाली घसरला. २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून त्याने परतीचा हक्क मिळवला आणि त्याच वर्षी साळगावकर व स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांच्यासह राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. आय-लीगला दुय्यम दर्जा देण्याचा भारतीय फुटबॉल महासंघाचा विचार या क्लबांना मान्य नव्हता. आय-लीगचं दार पुन्हा उघडलं ते २०२४ मध्ये.

म्हणजे खेळाडू बदलले, लीग बदलली, मधली आठ वर्षं गेली. मग जो परत आला तो धेंपोच का? की जुन्या नावाचा दुसराच कुणी?

हा प्रश्न फुटबॉलपेक्षा खूप जुना आहे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाक, की जू? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागतं. भाग एकत्र आले की त्या जुळणीला 'रथ' हे नाव मिळतं, एवढंच हाती उरतं. पुढे दिव्याचा दाखला येतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, पण वेगळीही म्हणता येत नाही, कारण दिवा रात्रभर तेवत असतो. या हिशेबाने २००८चा धेंपो आणि आजचा धेंपो यांचं नातं ज्योतीचं आहे. पण ज्योतीला तेल लागतं, आणि ते कोण घालतं, याचं उत्तर गोव्याच्याच इतिहासात सापडतं.

१५६०च्या सुमारास, पोर्तुगीज सत्तेखाली देवळं पाडली जात होती, तेव्हा कुठ्ठाळीचा देव मंगेश त्याच्या महाजनांनी जुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. गाव सुटलं, गाभारा सुटला, पण मंगेश दुसरा झाला असं कुणी म्हटलं नाही. पूजा तुटली नव्हती आणि पूजणारी माणसं बरोबर होती. क्लब म्हणजे देव नव्हे, आणि दोघांची बरोबरी करायचीही नाही. पण 'तेच' म्हणजे काय, याचं याहून उजळ उदाहरण मिळणं कठीण. हे 'तेच'पण दगडविटांपेक्षा सांभाळणाऱ्यांच्या न सुटलेल्या हातात असतं.

हात सुटले की काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. २००५-०६चं राष्ट्रीय जेतेपद महिंद्रा युनायटेडने जिंकलं आणि २०१०मध्ये तो संघच बंद झाला. कूपरेज मैदानावर त्याच्यासाठी घसा कोरडा करणाऱ्या माणसाकडे आठवण आहे, पण आशा ठेवायला जागाच नाही. धेंपोच्या चाहत्याचं दुःख त्याच्यापुढे भाग्याचं म्हणावं लागेल.

इथे तत्त्वज्ञ सेंट थॉमस अक्वायनस मदतीला येतो. आशेचा विषय कोणता, हे त्याने नेमकं सांगून ठेवलं आहे: पुढे येणारं, मिळायला कठीण, पण मिळू शकणारं असं चांगलं. सोप्या गोष्टीची आशा करावी लागत नाही आणि अशक्याची करता येत नाही. ही कसोटी लावली की चाहत्याच्या मनातली गुंतवळ सुटते. २००८ परत यावं, ही आशाच नव्हे. गेलेलं वर्ष परत येत नाही. धेंपोने पुन्हा देश जिंकावा, ही मात्र खरी आशा आहे, कारण ती कठीण असली तरी अशक्य नाही. जुन्या दिवसांची ओढ दुखते ती या दोन इच्छा एकमेकींत अडकतात म्हणून.

आणि सुवर्णकाळ तरी कुठे निखळ सुखाचा होता? ५ डिसेंबर २००४. बंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनिअर एक गोल करून चुकला होता. दुसऱ्यासाठी तो धावत सुटला, चेंडू मारला, गोलरक्षकावर आदळला आणि कोसळला. चेंडू जाळ्यात गेला होता. तो मात्र उठला नाही. धेंपोने २-० असा करंडक जिंकला, दोन्ही गोल त्याचे. क्लबने त्याची दहा क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. धेंपोचं पहिलं लीग जेतेपद त्याच हंगामातलं. ज्या काळाकडे चाहता इतक्या ओढीने पाहतो, त्याच्या उंबरठ्यावर हा मृत्यू आहे.

२०२४-२५च्या हंगामात धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. जेतेपद दूरच राहिलं, पण संघ खाली घसरला नाही. प्रशिक्षक होता समीर नाईक. सेंट ऑगस्टीनच्या मते भूतकाळ आणि भविष्यकाळ दोन्ही मनात वर्तमान होऊनच राहतात, एक स्मरण म्हणून, दुसरा वाट पाहणं म्हणून. मैदानाच्या कडेला उभा राहून पोरांना जागा धरायला सांगणारा तो जुना बचावपटू पाहताना प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याची नजर आधी समीरकडे जाते, मग त्याने हात दाखवलेल्या दिशेला, जिथे एक नवा पोरगा दोन पावलं मागे सरकतो.