अंतरांची शिडी

१६१९ साली केप्लरनं ग्रहगतीचा तिसरा नियम मांडला आणि सूर्यमालेचा नकाशा माणसाच्या हाती आला. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर, त्याच्या सुमारे ०.७२ पट अंतरावर शुक्र, दीड पट अंतरावर मंगळ, ५.२ पट अंतरावर गुरू. प्रमाणं सगळी नेमकी, पण नकाशाला प्रमाणपट्टी नव्हती. एक अंतर, कुठलंही एक, मैलांत कळलं असतं तर बाकीची आपोआप उलगडली असती. ते एक अंतर खात्रीनं हाती यायला पुढची दीडशे वर्षं गेली.

विश्वाच्या कहाणीत मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच आपण मुलांना सांगत नाही. सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर, देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर, विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. हे आकडे चौकटीत छापले जातात, पाठ होतात, परीक्षेत जोड्या जुळवायला उपयोगी पडतात. कोणी मोजले, कशाच्या आधारानं मोजले, हे न सांगता दिलेला आकडा ऐकीवच राहतो. मग पोथीतल्या युगांच्या वर्षसंख्येत आणि या १३८० कोटींत विद्यार्थ्याला फरक का जाणवावा?

फरक आहे, आणि तो मोजणीच्या रीतीत आहे. एडमंड हॅलीनं १७१६ मध्ये सुचवलं होतं की शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून त्याची वेळ मोजावी. प्रत्येक ठिकाणाहून शुक्राची वाट सूर्यावर किंचित वर किंवा खाली दिसते, त्यामुळे पार व्हायला लागणारा वेळ बदलतो. दोन ठिकाणांमधलं अंतर ठाऊक असलं की त्या फरकातून शुक्राचं अंतर निघतं, आणि केप्लरच्या प्रमाणांतून सूर्याचं. अशी अधिक्रमणं आठ वर्षांच्या अंतरानं जोडीनं येतात आणि मग शंभराहून अधिक वर्षं येत नाहीत. १७६१ आणि १७६९ च्या जोडीसाठी युरोपातून माणसं जगभर पांगली. त्यांतला गिय्योम ल जाँती पुद्दुचेरीला निघाला होता. वाटेत कळलं की पुद्दुचेरी इंग्रजांच्या ताब्यात गेली आहे. जहाज माघारी वळलं आणि १७६१ चं अधिक्रमण त्यानं हेलकावणाऱ्या डेकवरून पाहिलं. त्या वेधाचा मोजणीला काही उपयोग नव्हता. पण तो लगेच फ्रान्सला परत गेला नाही. आठ वर्षं त्याच समुद्राच्या अवतीभवती राहिला, पुद्दुचेरीला पोचला, तमिळ ज्योतिषांकडून त्यांची ग्रहणगणिताची रीत शिकून घेतली. ४ जून १७६९ ची सकाळ उजाडली, आणि ऐन वेळी सूर्य ढगाआड गेला. फ्रान्सला परतला तेव्हा वारसांनी त्याला मृत धरलं होतं आणि अकादमीतली त्याची जागाही दुसऱ्याला दिलेली होती.

त्याच्या हाती काही लागलं नाही, पण इतर ठिकाणच्या नोंदी जुळवून सूर्याचं अंतर १५ कोटी किलोमीटरच्या जवळपास ठरलं. १९६१ मध्ये रडारच्या लहरी शुक्रावरून परतवून ते फार काटेकोरपणे मोजता आलं. पाठ्यपुस्तकातल्या त्या एका ओळीत ल जाँतीची अकरा वर्षं कुठेच दिसत नाहीत.

ताऱ्यांचा प्रश्न याहून अवघड होता. हात लांब करून अंगठा समोर धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. मागच्या भिंतीवर अंगठा सरकलेला दिसतो. अंगठा जवळ आणावा तसा जास्त सरकतो. या सरकण्याला पराशय म्हणतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर जानेवारीत आणि जुलैत आपण ३० कोटी किलोमीटर अंतरावरच्या दोन जागांवरून आकाश पाहतो. तेव्हा जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेले दिसायलाच हवेत. दुर्बीण नसलेल्या काळातला सर्वांत काटेकोर निरीक्षक टायको ब्राहे यानं हे सरकणं शोधलं. ते दिसलं नाही, म्हणून पृथ्वी स्थिर आहे असं त्यानं मानलं. कोपर्निकसला विरोध करणारे सगळे अंधश्रद्धाळू होते असं आपण सहज बोलून जातो, आणि ते टायकोवर अन्यायाचं आहे. त्याचा तर्क बिनचूक होता. तारे इतके दूर असतील, मधे इतकी पोकळी असेल, हे त्याला मानवलं नाही एवढंच. १८३८ मध्ये बेसेलनं हंस तारकासमूहातल्या एका अंधूक ताऱ्याचा पराशय मोजला: एका विकलेचा जेमतेम एक तृतीयांश. टायकोच्या उपकरणांच्या आवाक्याहून तो दीडशे-दोनशे पटींनी बारीक होता. तारा निघाला दहाएक प्रकाशवर्षं दूर, आणि हा तर आपला शेजारी.

पराशयाची पायरी लवकर संपते. दूरच्या ताऱ्याचं सरकणं मोजण्यापलीकडे बारीक होतं. पुढची पायरी घातली ती हार्वर्ड वेधशाळेत ताशी तीस सेंटवर छायाचित्रांच्या काचा तपासणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी. त्या काळी तिथे बायकांना दुर्बीण चालवू देत नसत. मॅजेलनच्या लहान मेघातल्या, ठरावीक लयीत उजळणाऱ्या आणि मंदावणाऱ्या २५ ताऱ्यांचा अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, म्हणून जो तेजस्वी दिसतो तो खरोखरच तेजस्वी. आणि दिसलं असं की ताऱ्याची लय जितकी संथ तितका तो तेजस्वी. अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. कुठल्याही सेफीड ताऱ्याची लय मोजा, खरं तेज कळलं. दिसणाऱ्या तेजाशी ते ताडून पाहा, अंतर कळलं. अढळपणासाठी आपण ज्याचा दाखला देतो तो ध्रुवताराही सेफीडच आहे आणि सुमारे चार दिवसांच्या लयीत किंचित कमीजास्त होत असतो. लेव्हिट १९२१ मध्ये गेल्या. नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवू पाहणाऱ्या स्वीडिश गणितज्ञाला ते ठाऊक नव्हतं. त्याचं पत्र १९२५ मध्ये आलं.

१९२३ च्या ऑक्टोबरात माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीनं हबलला देवयानीत एक सेफीड सापडला. अंतर निघालं नऊ लाख प्रकाशवर्षं. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या आतली की बाहेरची, हा वाद तिथेच मिटला. दीर्घिकांच्या वर्णपटांवरून त्यांचे वेग मोजायचं काम स्लायफरनं १९१२ पासूनच सुरू केलं होतं. बहुतेक दूर जात होत्या, देवयानी मात्र जवळ येत होती. वेगांशेजारी अंतरं मांडली तेव्हा १९२९ मध्ये हबलला दिसलं की जी दुप्पट दूर ती दुप्पट वेगानं दूर जाते. बेल्जियमचे धर्मगुरू लमेत्र दोन वर्षं आधी गणितानं तिथेच पोचले होते. यातून आपण केंद्रस्थानी आहोत असं निघत नाही. सगळीच अंतरं सारख्या पटीनं वाढत असतील तर कुठल्याही दीर्घिकेतून पाहणाऱ्याला हेच दिसेल. अवकाशच ताणलं जातं आहे. गुरुत्वाकर्षणानं घट्ट बांधलेली सूर्यमाला मात्र ताणली जात नाही.

हबलच्या आकड्यांवरून प्रसरणाचा काळ मागे मोजत नेला तर विश्वाचं वय साधारण २०० कोटी वर्षं येत होतं. खडकांतल्या किरणोत्सारी द्रव्यांवरून पृथ्वीचं वय त्याहून जास्त निघू लागलं होतं. पृथ्वी विश्वाहून जुनी! फ्रेड हॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये ज्याला आरंभच नाही असं स्थिर स्थितीचं विश्व मांडलं, त्यामागे ही विसंगतीही होती. हॉयल यांचे शिष्य जयंत नारळीकर विश्वाला आरंभ मानणाऱ्या महास्फोटाच्या सिद्धांताला अखेरपर्यंत प्रश्न विचारत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल त्यांच्या बाजूनं नव्हता, आणि १९६५ मध्ये सापडलेल्या आदिम सूक्ष्मतरंग प्रारणानंतर तो महास्फोटाकडे आणखी झुकला. तरी सर्वमान्य आकड्याकडे पुरावा मागण्याची त्यांची वृत्ती मला त्या कौलाइतकीच महत्त्वाची वाटते.

वयाचा घोळ सुटू लागला तो एका पायरीच्या दुरुस्तीनं. महायुद्धाच्या काळात लॉस एंजलिसचे दिवे मालवलेले असत आणि त्या काळोखात वॉल्टर बाडेंना देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे सुटे दिसले. त्यातून पुढे उलगडलं की सेफीड दोन जातींचे असतात आणि हबलनं एका जातीचा हिशेब दुसरीला लावला होता. १९५२ मध्ये बाडेंनी हे जाहीर केलं आणि दीर्घिकांची अंतरं दुपटीनं वाढली, त्यांच्याबरोबर विश्वाचं वयही. खालची पायरी हलली की वरचं सगळं हलतं. शिडीचा हा धोका आहेच. पण हलण्याचं कारण शोधता येतं, ते याच शिडीमुळे.

सेफीडच्या वरच्या पायरीवर अतिनवतारे आहेत. १९३० मध्ये मुंबईहून युरोपला निघालेल्या बोटीवर एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असते असं गणितानं काढलं. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट धरतात. त्या मर्यादेजवळ पोचून फुटणाऱ्या ताऱ्यांचं तेज जवळपास सारखं असतं, त्यामुळे अब्जावधी प्रकाशवर्षांपर्यंत मोजता येतं. १९९८ मध्ये दोन गटांना हे दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद दिसले. प्रसरण मंदावत नव्हतं, वाढत होतं. कशामुळे, याचं उत्तर म्हणून आपल्याजवळ अजून फक्त ‘कृष्ण ऊर्जा’ हे नाव आहे.

आणि आता शिडीच्या माथ्यावर पुन्हा मतभेद आहे. सेफीड आणि अतिनवताऱ्यांच्या वाटेनं गेलं तर दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे प्रसरणाचा वेग सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतो. प्लांक उपग्रहानं टिपलेल्या त्या आदिम सूक्ष्मतरंग प्रारणावरून तो ६७ च्या थोडा वर निघतो. दोन्हींतल्या चुकीच्या मर्यादा या तफावतीहून कितीतरी लहान आहेत. जेम्स वेब दुर्बिणीनं सेफीड पुन्हा तपासले, हबल अवकाश दुर्बिणीची मोजमापं खरी ठरली. सेफीड बाजूला ठेवून लाल राक्षसी ताऱ्यांवरून मोजणाऱ्या वेंडी फ्रीडमन यांच्या गटाला ७० च्या आसपासचा आकडा मिळतो. कुठल्या तरी पायरीत बारीकशी खोट आहे की विश्वाच्या घडणीतलं एखादं कलम आपल्याला अजून ठाऊकच नाही, हे ठरायचं आहे. गाया यानानं १०० कोटींहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजून ठेवले आहेत, आणि सेफीडच्या तेजाचा हिशेब त्यांच्याशी नव्यानं ताडून पाहिला जातो आहे.