आपला वर्ग कोणता?

मनुष्याची योग्यता त्याने स्वतः ठरवावी की इतरांनी, हा प्रश्न जुनाच आहे. आपल्या शास्त्रकारांनी त्याचा विचार 'अधिकार' या शब्दाखाली केला. न्यायालये तो 'पात्रता' या नावाखाली करतात. परंतु हाच प्रश्न एका मोटारगाडीचे रूप घेऊन माझ्यापुढे उभा राहील, अशी कल्पना मला कधी शिवली नव्हती.

माझा एक भाचा अमेरिकेत अभियंता आहे. गेल्या कार्तिकात देवाच्या उत्सवासाठी तो गावी आला होता. महाप्रसाद आटोपल्यावर अग्रशाळेच्या ओट्यावर आम्ही बसलो असता तो म्हणाला, "मामा, तुम्ही वकील आहात. ज्या चुकीत माझा हात नाही, ती भरून देणे मला लागते का?"

हकिगत अशी. त्या देशात हौशी लोकांसाठी 'ऑटोक्रॉस' नावाची शर्यत असते. मोकळ्या वाहनतळावर रबरी शंकू मांडून नागमोडी वाट आखतात. गाड्या एकेक करून सुटतात आणि घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ मोजते. शंकू पाडला तर 2 सेकंदांचा दंड. स्पर्धा शेजारच्या गाडीशी नसून घड्याळाशी असल्यामुळे कोणती गाडी कोणत्या गाडीशी तोलावयाची, हाच तेथे कळीचा प्रश्न होतो. 1944 साली स्थापन झालेल्या 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या संस्थेने त्यासाठी वर्गांची एक उतरंड रचली आहे. कारखान्यातून आली तशीच जवळजवळ असलेली गाडी खालच्या वर्गात. जसजसे फेरफार वाढतील, तसतशी ती वर चढते.

खालच्या वर्गाला आता 'स्ट्रीट' म्हणतात. 2014 पूर्वी त्याचे नाव 'स्टॉक' असे होते. त्यात धक्काशोषक बदलता येतात, ब्रेकचे पॅड बदलता येतात, ठराविक प्रतीचे टायर बसविता येतात. अशी सवलतींची एक मोजकी यादी आहे. यादीत जे नाही, ते निषिद्ध. सामान्य नागरिकाला कायदा सांगतो की, जे वर्ज्य केलेले नाही ते तू करू शकतोस. येथे नेमके उलट आहे. मीमांसेच्या अभ्यासकांना हे नवे वाटणार नाही. पाच नखांचे अमुक पाच प्राणी भक्ष्य, असे शास्त्राने म्हटले म्हणजे ते खाल्लेच पाहिजेत असे नव्हे. त्यांवाचून इतर खाऊ नयेत, एवढाच अर्थ. याला परिसंख्याविधी म्हणतात. मोटारींची ती नियमावली म्हणजे परिसंख्येचाच एक अर्वाचीन ग्रंथ होय.

माझ्या भाच्याने एक जुनी 'माझ्दा मियाटा' विकत घेतली आणि खालच्या वर्गात वर्षभर भाग घेऊन स्थानिक स्पर्धेचे पहिले पारितोषिक मिळविले. पारितोषिक म्हणजे काचेचा एक पेला. पुढे क्लच झिजला म्हणून कारागिराने गिअरपेटी उतरविली, तेव्हा आत मूळचे फ्लायव्हील नसून त्याहून हलके फ्लायव्हील आढळले. ते पूर्वीच्या मालकाने बसविले असावे. फ्लायव्हील हलके असले की इंजिन लवकर वेग घेते. वळणावळणाच्या वाटेवर त्याचा थोडाबहुत लाभ होतो. सवलतींच्या यादीत फ्लायव्हील नाही. त्या एका वस्तूमुळे गाडी वरच्या वर्गातली ठरली, आणि त्या वर्गात स्प्रिंगांपासून चाकांपर्यंत सर्व काही बदललेल्या गाड्या तिची वाट पाहत होत्या.

कोणाला कळण्याचा संभव जवळजवळ नव्हता. स्थानिक स्पर्धेत तपासणी होते ती चाकांचे नट, ब्रेक, शिरस्त्राण अशा सुरक्षिततेच्या गोष्टींची. इंजिन उघडून पाहावे असा आक्षेप कोणी घेतलाच, तर त्याला खोलण्याच्या खर्चाची अनामत भरावी लागते आणि आक्षेप खोटा ठरला तर तो खर्च त्याच्याच माथी बसतो. एका काचेच्या पेल्यासाठी असा धोका कोण पत्करणार?

1995 साली जागतिक रॅली स्पर्धेत टोयोटाच्या संघाने टर्बोच्या हवेवरील निर्बंध गुप्त युक्तीने चुकविल्याचे उघडकीस आले आणि त्या संघाला बारा महिने स्पर्धेबाहेर राहावे लागले. तेथे हेतू होता, योजना होती. म्हणून न्याय करणे सोपे होते. माझ्या भाच्याच्या मनात कपट नव्हते. म्हणूनच त्याचा प्रश्न अधिक अवघड आहे.

त्याला मी प्रथम कायद्याची बाजू सांगितली. दोष आणि हक्क या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्या 1872 च्या करार कायद्याच्या 72 व्या कलमाप्रमाणे चुकीने हाती आलेला पैसा किंवा वस्तू परत केली पाहिजे. घेणाऱ्याने लबाडी केली होती काय, असे ते कलम विचारीत नाही. तो निर्दोष असेल. पण निर्दोषपणामुळे शिक्षा टळते, मालकी उत्पन्न होत नाही. अज्ञान हे त्याच्या मागच्या वर्षाचे समर्थन होते. गिअरपेटी उतरली त्या दिवशी अज्ञान संपले, आणि त्याबरोबर समर्थनही.

यावर तो म्हणाला, "पण मामा, फ्लायव्हीलने असा किती फरक पडणार? मी कदाचित जिंकलोच असतो." हा युक्तिवाद मी न्यायालयात अनेकदा ऐकला आहे, आणि खरे सांगावयाचे तर अशिलासाठी केलाही आहे. त्यातले 'कदाचित' हेच त्याचे मर्म. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचेही एक 'कदाचित' आहे. आपले खरे आणि त्याचे खोटे, हे आपणच कसे ठरवावे?

त्याची दुसरी शंका अधिक खोल होती. "हे वर्ग तरी माणसांनीच पाडलेले ना? नावे बदलतात, याद्या बदलतात. असल्या रेषेला एवढे पावित्र्य कशाला?" रेषा कोठे असावी हे मानवी सोयीने ठरते, हे मला मान्य आहे. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री मुलगा अज्ञान आणि दुसऱ्या दिवशी सज्ञान, यात निसर्गाचा काही संबंध नाही. मुदतीनंतर एका दिवसाने आणलेला दावा एरवी सच्चा असूनही बाद होतो. परंतु रेषेची जागा सोयीची असली, तरी ती पाळण्याचे वचन सोयीचे नसते. नोंदणीच्या कागदावर वर्गाचे नाव लिहिताना माणूस इतर स्पर्धकांना सांगत असतो की, मी तुमच्यासारखाच आहे. जत्रेतल्या कुस्तीत पंच पैलवानांना डोळ्यांनी पारखून जोड लावतात. तेथे निवाडा पंचांचा असतो. येथे मात्र गाडीच्या पोटातले एकट्या मालकालाच ठाऊक असते. साक्षीदार तोच आणि न्यायाधीशही तोच. जेथे दुसरा तपासू शकत नाही, तेथेच आपल्या शब्दाची किंमत सर्वांत अधिक असते.

मग पुढे काय करावे? "वरच्या वर्गात जातो आणि हरतो," असे तो काहीशा त्वेषाने म्हणाला. मी त्याला थांबविले. खालच्या वर्गात लपून जिंकण्यात जसा लोभ आहे, तसाच वरच्या वर्गात मिरवून हरण्यातही एक सूक्ष्म अहंकार असू शकतो. 'मी हरलो, पण वर्ग केवढा मोठा होता,' हे समाधान पराभवाला आधीच निमित्त शोधून ठेवते. अधिकारभेदाचा उपदेश आपण फार वेळा दुसऱ्याला त्याच्या पायरीवर थोपविण्यासाठी वापरला आहे. ते पाप आपल्या समाजाच्या पदरी आहे, हे देवळाच्या ओट्यावर बसून तरी नाकारू नये. त्या तत्त्वाचा निर्दोष उपयोग मला एकच दिसतो: माणसाने तो स्वतःला लावावा, आणि आपली पायरी फुगवून किंवा लपवून सांगू नये.

परत गेल्यावर त्याने आयोजकांना सर्व हकिगत लिहून कळविली. आक्षेपाची मुदत टळली असल्यामुळे निकाल बदलता येणार नाही, असे उत्तर आले. म्हणजे कायद्याने पेला त्याचाच राहिला. तो त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या गृहस्थांना नेऊन दिला. गिअरपेटी उतरलेलीच होती. त्याने मूळच्या जातीचे एक वापरलेले फ्लायव्हील मिळवून बसविले आणि पूर्वीच्याच वर्गात पुन्हा नाव घातले. यंदाच्या पहिल्या शर्यतीत तो चौथा आला.

हे त्याने पत्रात एका ओळीत लिहिले आहे. आपण मागच्या वर्षी जिंकलोच असतो की नाही, याविषयी त्या पत्रात अवाक्षरही नाही.