दोघांची चिठ्ठी

गुप्तरोगाचा पेशंट फॅमिली डॉक्टरकडे शक्यतो गर्दी ओसरल्यावर येतो. आधी सर्दीचं सांगतो, मग ॲसिडिटीचं, आणि उठता उठता म्हणतो, "डॉक्टर, जरा उष्णता झालीये. लघवीला आग होते." काय ते डॉक्टरच्या लक्षात येतं. तरीही पुष्कळ दवाखान्यांत चिठ्ठी लिहून, तिखट बंद करायला सांगून त्याची बोळवण होते. माझ्या मते हा उपचार अर्धवट आहे, चिठ्ठीवरचं औषध कितीही अचूक असलं तरी.

औषधात आपण मागे नाही. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांनुसार रंगीत किटमधून औषधं फुकट मिळतात. लघवीच्या वाटे पू जात असेल तर करडं किट: ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, एकदाच घ्यायचं. पण बायकोला औषध मिळालंच नाही, तर पुढच्या संबंधातून परमा, म्हणजे गनोरिया, पुन्हा त्याच्याकडे येतो. मग आधीचं औषध लागू पडलं नाही असं समजून तो मेडिकलवाल्याकडून सिप्रोफ्लॉक्सासिन घेतो, आणि परम्याचे जंतू आता त्या औषधाला बहुतेक ठिकाणी दाद देत नाहीत.

गरमीचं, म्हणजे उपदंशाचं, आणखी फसवं. पहिली जखम सहसा दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. पेशंटला वाटतं, मलमाने गुण आला. आजार मात्र रक्तात गेलेला असतो. बायकोला लागण होऊन दिवस गेले तर तो पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. हे सगळं पेनिसिलिनच्या इंजेक्शनने टळण्यासारखं आहे. फक्त जखम बुजली तरी रक्त तपासायचं असतं, हे कुणीतरी त्याला सांगायला हवं.

क्लॅमिडिया या संबंधातूनच पसरणाऱ्या आजाराची लागण झालेल्या बहुतेक बायकांना काहीच त्रास जाणवत नाही. गर्भनलिका सुजतात, बुजतात, आणि काही वर्षांनी मूल होत नाही म्हणून बोल तिलाच लागतो. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. अर्थात, अंगावरून पांढरं जाणं म्हणजे प्रत्येक वेळी नवऱ्याकडून आलेला आजार नव्हे. बुरशीनेही जातं. न तपासता तसं बोलून जाणाऱ्या डॉक्टरमुळे बाईला घरी मार खावा लागू शकतो.

माझ्या दवाखान्यात मी आधी कंपाउंडरला बाहेर पाठवतो आणि दार लावतो, कारण पडद्याच्या पलीकडच्या बाकावर पेशंटचा शेजारी बसलेला असतो. मग म्हणतो, "हा आजार संबंधातून होतो. कुणाकडून आला, ते मी विचारणार नाही. तो घरात पसरू नये म्हणून काय करायचं, तेवढं बोलू." चिठ्ठीच्या मागे पेनाने गर्भाशय आणि दोन नळ्या काढतो, सूज कुठे येते ते दाखवतो. बऱ्याच पुरुषांना बायकोच्या पोटात हे सगळं कुठे असतं ते तेव्हा पहिल्यांदा कळतं. यात दहा मिनिटं जातात. त्या दहा मिनिटांची फी कुणी देत नाही, आणि बाहेर रांग असते. घाईत बोलणं राहून जातं ते बहुतेक यामुळेच. तरी ती दहा मिनिटं द्यायलाच हवीत, कारण ती उपचाराचाच भाग आहेत.

खरी कसोटी पुढे असते. पेशंट आवाज खाली आणून म्हणतो, "तिच्या गोळ्या माझ्याकडेच द्या ना. ताकदीच्या म्हणून देतो." मी देत नाही. तिला दिवस गेलेत का, एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे का, हे मला ठाऊक नसतं. आणि आपल्या शरीराला काय झालंय हे कळण्याचा हक्क तिचा आहे, तो आम्ही दोघांनी मिळून मारायचा नाही. वाटल्यास माझ्यासमोर सांगा, मी मदत करतो, एवढं मी म्हणतो. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने वाट आखून दिली आहे. पेशंटने स्वतः सांगावं म्हणून आधी समुपदेशन. तो सांगणार नाही अशी खात्री पटली आणि जोडीदाराला मोठा धोका असला, तर पेशंटला पूर्वकल्पना देऊन डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतो. मारहाणीचं किंवा घराबाहेर काढलं जाण्याचं भय असलेल्या बाईवर मात्र सांगण्याची सक्ती नाही. परमा-गरमीला हा कायदा लागू नाही. तिथे समजूत घालणं एवढंच हाती असतं.

असं बोलणं मराठीला नवं नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयांवर मराठीत उघड लिहीत होते. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला तेव्हा, १९३४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. जे छापण्यासाठी कर्वे कोर्टाची पायरी चढले, ते आज बंद दाराआड बोलायला कुणाची बंदी नाही.

काही जण बायकोला घेऊन येतात, काही परत येतच नाहीत. जे येतात त्या दोघांना मी स्वतंत्र भेटतो, स्वतंत्र तपासतो. दोघांची गरमीसाठीची व्हीडीआरएल आणि एचआयव्ही चाचणी सांगतो, औषध घेतल्यावर सात दिवस संबंध टाळायला आणि पुढे निरोध वापरायला सांगतो. एचआयव्हीची चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची असते. ती तारीख दोघांच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहितो, आणि तिची चिठ्ठी तिच्याच हातात देतो.