स्कोअर लिहिणारा मुलगा

पीटीचा तास सुरू होतो. वर्ग मैदानावर धावतो आणि एक मुलगा बाकावर बसून स्कोअर लिहितो, इतरांच्या बाटल्या सांभाळतो. हिमोफिलिया असलेल्या मुलाला ‘जपायचं’ म्हटलं की आपल्याला एवढंच सुचतं.

या आजारात रक्त भराभर वाहत नाही, ते थांबायला वेळ लागतो. रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. खरचटलेलं पाहून वर्ग घाबरतो, पण ते दाबून धरलं की बहुधा भागतं. खरा घात आत होतो. गुडघ्यात, घोट्यात रक्त साचतं आणि वारंवार साचलं की सांधा कायमचा आखडतो. (डोक्याला मार लागला तर मात्र वरून काही दिसो न दिसो, थांबायचं नाही. आणि दुखतंय म्हणून ॲस्पिरिन तर मुळीच नाही.)

सूज यायच्या आधी सांध्यात मुंग्या येतात, ऊब जाणवते. ते फक्त त्या मुलाला कळतं. घटकाचं इंजेक्शन तेव्हाच मिळालं तर पुढचं पुष्कळ टळतं. गोव्यात पेडण्याहून बांबोळीचं गोमेकॉ रुग्णालय गाठायचं तर कोलवाळ, म्हापसा, पर्वरी मागे टाकून मांडवी ओलांडावी लागते. डिचोलीकरांनाही ते काही शेजारी नाही. म्हणून त्यानं लगेच सांगायला हवं. पण का सांगेल? सांगितलं की खेळ बंद, आईला फोन आणि आठवडाभर सगळ्यांच्या नजरा. मुलं हिशेबाला पक्की असतात. तो घंटा होईपर्यंत लंगडणं लपवतो.

मुख्याध्यापकांना नावं ठेवणं सोपं आहे. काही झालं तर गाव शाळेच्याच दारात उभा राहणार. ही भीती खरी आहे, पण ती आपली स्वतःसाठीची भीती आहे. तिला मुलाची काळजी म्हणू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत हिमोफिलिया आहे, आणि हाच कायदा शाळांना शिक्षणाबरोबर खेळाचीही समान संधी द्यायला सांगतो. कबड्डी नको, हे डॉक्टरही सांगतील. पोहणं मात्र सांध्यांना मानवतं, आणि गोव्यात पाण्याला तोटा नाही.

मुलींनाही रक्तस्रावाचा आजार असू शकतो हे तर आपल्या ध्यानातही येत नाही. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी 1926 मध्ये रक्तस्रावाचा एक वेगळा आजार नोंदवला. त्यांनी तपासलेली यॉर्डिस नावाची मुलगी पुढे चौथ्या मासिक पाळीतच दगावली. आज तासाला दोनदा बाहेर जायची परवानगी मागणाऱ्या मुलीला आपण ‘परत?’ विचारतो. सगळ्या वर्गासमोर.

‘सर, गुडघ्यात कायतरी होतंय,’ असं तो मुलगा एखाद्या दिवशी म्हणेलही. त्या वेळी सरांनी आधी बर्फ आणावा, मग फोन करावा, आणि जाताना त्याला एवढं सांगावं, ‘बरा झालास की तुझी बॅटिंग राहिलीय.’