ताप उतरल्यानंतर

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी जी गावे आहेत, तेथे मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषा एकाच अंगणात ऐकू येतात. अशाच एका गावच्या मंडळीत मी काही वर्षे शब्बाथ शाळेचा वर्ग घेत असे. वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. तो एका जागी बसत नसे, शेजारच्या मुलांना चिमटे काढी, आणि मध्येच काही कारण नसता भेदरून रडू लागे. एका रविवारी मी त्याला सर्वांदेखत वर्गाबाहेर उभे केले व म्हणालो, "तुला देवाच्या वचनाची गोडीच नाही."

उपासना सुटल्यावर त्याची आई माझ्याकडे आली. तिने तक्रार केली नाही. ती एवढेच म्हणाली, "भाऊ, हा दोन वर्षांचा असताना हिवताप याच्या डोक्यात चढला. चार दिवस शुद्ध नव्हती. नाल्याला पूर होता, दवाखान्यात न्यायला दोन दिवस उशीर झाला. तेव्हापासून हा असा आहे. माझंच पाप, दुसरं काय!"

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य प्रभूला विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? त्या दिवशी आमच्या गावात तोच प्रश्न उभा होता. मी पाप मुलाच्या माथी मारले होते, आईने ते स्वतःच्या माथी घेतले होते. प्रभूने मात्र या दोन्ही उत्तरांना नकार दिला आणि त्या मनुष्यासाठी काय करावयाचे आहे, तिकडे शिष्यांचे लक्ष वळविले.

आपण तापाने दगावलेल्यांची मोजदाद ठेवतो. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी १९६५ साली जो विषाणू प्रथम सापडला, त्याच्या साथीत २००३ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली व १८३ दगावली. हे आकडे नोंदले गेले. पण जे मूल तापातून उठते, त्याच्याविषयी आपण "वाचले, देवाची कृपा" असे म्हणतो व विषय संपवितो. कृपा खरीच, परंतु पुष्कळदा विषय तेथे संपत नाही. जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्यांपैकी शंभरात तीस ते पन्नास जणांना मेंदूचे वा मनाचे काही ना काही वैगुण्य कायमचे राहते. आफ्रिकेतील युगांडा देशात, मेंदूच्या हिवतापातून बऱ्या झालेल्या मुलांची दोन वर्षांनी तपासणी केली, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांची आकलनशक्ती वा लक्ष उणे पडलेले आढळले. पहिल्या वर्षांत मेंदू झपाट्याने वाढत असतो. तेव्हा जंतूंमुळे, सुजेमुळे किंवा रक्तातील साखर उतरल्यामुळे झालेला घाव पुढे वागणुकीत दिसू शकतो.

मेंदूपर्यंत न गेलेल्या आजारांचाही विचार झाला आहे. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी पाहून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्या मुलांत पुढे मानसिक विकाराचे निदान होण्याचा संभव ८४ टक्क्यांनी अधिक दिसला. परंतु सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा हा फरक बराच कमी झाला, मात्र नाहीसा झाला नाही. म्हणजे घर, गरिबी व आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा आहे. यावरून कोणी "ज्याला लहानपणी ताप आला, त्याचे डोके बिघडणारच" असा शिक्का मारू नये. ताप येऊन गेलेली बहुतेक मुले निरोगी वाढतात.

आता कोणी विचारील, वागणुकीचे कारण शरीरात असेल, तर आज्ञापालनाला व शिस्तीला अर्थ काय उरला? प्रश्न योग्य आहे. पण कारण सांगणे निराळे आणि मोकळीक देणे निराळे. लंगडणाऱ्या मुलाला शर्यतीत मागे राहिल्याबद्दल आपण मारीत नाही, आणि त्याला चालावयास शिकविणे सोडीतही नाही. विधवेच्या दोन टोल्यांची किंमत प्रभूने तिच्या जवळ काय होते, ते पाहून केली. एखाद्या मुलाचे दहा मिनिटे शांत बसणे हेच कदाचित त्याचे दोन टोले असतील. मी ते मोजले नाहीत, हा दोष माझा होता.

शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, वर्गात असे मूल असेल तर शिक्षेपूर्वी त्याच्या आईला विचारा. करणी, बाहेरची बाधा अशा बोलण्यास मंडळीत थारा देऊ नका. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. मुलाची वाढ मागे पडली आहे का, हेही त्यात पाहतात. आशाताईंकडे चौकशी करा. गोवराची लस वेळेवर द्या, मच्छरदाणी वापरा, आणि ताप चढून मूल झटके देऊ लागले वा गुंगले तर प्रार्थना वाटेत करा, घरी बसून नव्हे. पावसाळ्यात नाला चढला असता आजारी मुलाला कोणाच्या गाडीने न्यावयाचे, हे मंडळीने आधीच ठरवावे. त्या आईचे दोन दिवस तिचे एकटीचे पाप नव्हते. आम्ही शेजारी होतो.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाची सर्वांदेखत क्षमा मागितली. हजेरीची वही फिरविण्याचे काम त्याला दिले, म्हणजे त्याला उठावयास निमित्त मिळे. तो अजूनही चुळबुळ करी, अजूनही मध्येच रडे. पण रडू आले की तो आता दाराकडे पळत नसे, माझ्याजवळ येऊन उभा राही.