आधी मोज, मग घास

कोल्हापूर

चि. नातीस,


बंद पडलेल्या टूलरूममधला जुना सरफेस ग्राइंडर तू विकत घेतलास, हे वाचून फार आनंद झाला. पहिल्याच रविवारी मॅग्नेटिक चक घासून घेऊ का, असं तू विचारलं आहेस. नको. चक सगळ्यात शेवटी.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. विशीत असताना उद्यमनगरातल्या एका टूलरूममध्ये मी चक बसवला आणि त्याच दिवशी घासलाही. वरून आरशासारखा चकचकीत झाला. महिन्याभराने कामासाठी तो उतरवला, तर खाली तांदळाच्या कणीएवढा बिडाचा कण अडकलेला! साफ करून पुन्हा बसवला, तेव्हा एक कोपरा खाली गेलेला. माझी घाई मशीनने इमानेइतबारे लोखंडात कोरून ठेवली होती. पुन्हा घासण्यात चकाची जाडी गेली, ती काही परत आली नाही.

म्हणून क्रम सांगतो. आधी सफाई. रॉकेल आणि फडकं घे. कॉम्प्रेसरची हवा मारू नकोस; दगडाची भुकटी उडून थेट स्लाइडमध्ये शिरते आणि तिथेच घासत बसते. तेलाच्या नळ्या सोडव, प्रत्येकीतून तेल स्लाइडपर्यंत पोचतंय हे डोळ्यांनी बघ. जुनं मशीन झिजतं त्यापेक्षा कोरडं पडून जास्त मरतं.

मग पाया. मशीन काँक्रीटवर ठेव आणि मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणारी लेव्हल मागून आण. टेबल डावीकडे, मध्ये, उजवीकडे नेऊन दोन्ही दिशांनी वाच. मशीन थोडं कललेलं असलं तरी चालेल. पण बॉडीला पीळ पडला, तर टेबल सरळ जात नाही, आणि मग बाकीची सगळी मेहनत वाया.

आता वीज. मोटर थ्री फेजची आणि घरी सिंगल फेज, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारा व्हीएफडी लागेल. मोटरच्या पाटीवर डेल्टात 240 व्होल्ट लिहिलेलं असेल, तरच ते सोपं. जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घे. फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या वर चढवू नकोस. पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा स्पिंडलवर दगड नको. आधी दिशा तपास. उलटी फिरली तर नट सैल होऊ शकतो.

दगडाबाबत मात्र मी कडक आहे. 200 मिलिमीटरचा दगड मिनिटाला 2800 फेरे घेतो, तेव्हा त्याची कडा सेकंदाला 29 मीटरने, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्याही वर पळत असते. मशीनबरोबर आलेले जुने दगड वापरू नकोस. किती पावसाळे आणि किती आदळआपट त्यांनी सोसली, कोणाला ठाऊक. नवा दगड बोटावर अडकवून हत्याराच्या लाकडी मुठीने हलकेच वाजव. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा आहे, फोडून टाक. त्यावर छापलेला वेग स्पिंडलपेक्षा जास्त हवा. दोन्ही बाजूंना कागदी वॉशर, फ्लँज सारख्या मापाच्या, नट बेताने आवळलेला. गार्ड लावून सुरू कर, बाजूला उभी राहा आणि पूर्ण एक मिनिट वाट बघ. चष्मा आणि मास्क हवेतच. ओढणी, सैल बाह्या, हातमोजे नकोत.

एवढं झाल्यावर चक. खालची बाजू आणि टेबल ऑइलस्टोनने हलकं पुसून घे, तळहात फिरव. डोळ्याला न दिसलेली कणी हाताला लागते. बसवून मॅग्नेट चालू कर, कारण काम करताना तो चालूच असणार. अर्धा-एक तास मशीन गरम होऊ दे. डायमंडने दगड ड्रेस कर. चकावर मार्करने रेघा मार आणि कूलंट सोडून पाच-पाच मायक्रॉननेच उतर. शेवटची रेघ पुसली की थांब. त्यापुढचा प्रत्येक मायक्रॉन तू चकाच्या आयुष्यातून काढशील.

शेवटी परीक्षा. लोखंडाचे पाच ठोकळे घे, चार कोपऱ्यांवर चार आणि मध्ये एक. एकाच सेटिंगमध्ये पाचही घास, गार होऊ दे आणि मायक्रोमीटरने मोज. पाचांत पाच मायक्रॉनचा फरक आला, तर घरच्या वर्कशॉपला तुझं मशीन उत्तम. जास्त आला तर निराश होऊ नकोस. कोणता कोपरा जाड, यावरून चूक कुठे शोधायची ते कळतं.

मला चकचकीत चकाचा फोटो नको. ते पाच आकडे लिहून पाठव, जसे येतील तसे. उत्तर मी त्याच दिवशी लिहीन.

तुझा,
आजोबा